शिवराईवरचं चाक

चुलतीनं ते नाणं चिंच आणि राख लावून घासलं, आणि त्याच्यावर चाक दिसायला लागलं.

माणदेशातल्या आमच्या गावी तेव्हा विहाराचा पाया खणणं चाललं होतं. धर्म बदलून आठ-नऊ वर्षं झाली होती. घरातले देव माणगंगेत सोडून झाले होते, तेसुद्धा नदीला पाणी यायची वाट बघून. मेलेलं ढोर ओढणं आम्ही बंद केलं होतं, आणि बंद केलं म्हणून गावानं आमचं दुकान, दळण आणि विहीर बंद करून पाहिली होती. एवढं सगळं झालं, पण एकत्र बसायला चार भिंती नव्हत्या. वंदना घ्यायची ती कुणाच्या तरी दारात, शेळ्या बाजूला हाकून. म्हणून वस्तीच्या कडेला जी मोकळी जागा पडून होती, तिथं माझ्या चुलत्यांनी पहिली कुदळ मारली. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. पलटणीतून पेन्शनीवर आलेले, एसटीची वाट बघत उभे राहिले तरी सावधान उभे राहणारे.

कुदळ पडली तशी गावाला ती जागा एकदम आठवली. सरपंच स्वतः आले. म्हणाले, ही जत्रेच्या गाड्या सोडायची जागा आहे.

"जत्रा वर्सातनं एकदा," तात्या म्हणाले. "गाड्या सोडाय समदं रान पडलंय की."

"रान कितीबी पडू दे. जागा गावाची हाय. हितं कवा कुनाचं घर नव्हतं, कुनी ऱ्हायलं न्हाई. पूर्वीपासनं गाड्याच सुटत्यात. तुमास्नी पटत नसंल तर गावसभंत बोला."

हे 'पूर्वीपासून' ऐकलं की माझं डोकं अजून तापतं. ज्याच्याकडे कागद नाही आणि कारणही नाही तो पूर्वीपासून म्हणतो, आणि समोरच्यानं मान खाली घालायची. आमच्या बापजाद्यांचं जे काही वाटोळं झालं ते सगळं पूर्वीपासूनच झालं होतं.

मी तेव्हा साताऱ्यात कॉलेजात होतो आणि अभ्यासापेक्षा पत्रकं जास्त लिहीत होतो. वसतिगृहातल्या कच्च्या भाकरीपासून खेड्यातल्या पाणवठ्यापर्यंत कशावरही एका बैठकीत पत्रक पाडायचो. सुट्टीला गावी आलो तेव्हा पाया कमरेइतका खोल गेला होता आणि काम गावसभेपर्यंत थांबवलेलं होतं. पायात निघायचं तेच निघालं होतं: खापऱ्या, राख, फुटक्या जात्याचा खालचा अर्धा दगड. ते सगळं ढिगावर टाकून दिलं होतं. त्या दगडाजवळच नाणं सापडलं, ते मात्र तात्यांनी कोपरीच्या खिशात जपून ठेवलं.

शिवराई होती. तांब्याची, जाड, कडा वेड्यावाकड्या. आमच्याकडं शिवराई कुणाला नवी नाही; म्हाताऱ्यांनी पोराटोरांच्या गळ्यात बांधलेली सगळ्यांनी पाहिली आहे. पण ही फार झिजली होती. एका बाजूला 'श्री'चा वरचा भाग उरलेला, दुसऱ्या बाजूला 'छत्र' अंदाजानं वाचायचं. चुलतीनं घासल्यावर त्या 'छत्र'च्या बाजूला, बरोबर मधोमध, एक गोल कडं दिसायला लागलं. आणि कड्याच्या आत आडव्यातिडव्या रेघा.

"आरे मोज," तात्या मला म्हणाले.

मी मोजले. आठ भरले.

"धम्मचक्र हाय," तात्या म्हणाले आणि नाणं परत घेतलं. त्या संध्याकाळी सगळी वस्ती ते बघून गेली. कुणी पाया पडायला वाकलं की तात्या ओरडायचे, "पाया पडू नगा, देव न्हाई त्यो. निसतं बगा." पण नाणं ते स्वतः कुणाच्या हातात देत नव्हते.

माझ्या डोक्यात पत्रक तयारच झालं. मी कुठंतरी वाचलं होतं की नवी राजवट आली की जुनं नाणं वितळवत बसायची नाही, तापवून त्याच्यावरच आपला ठसा मारायची. मग उघडच होतं. वर राजाची अक्षरं, खाली आमचं चाक. आम्ही इथं आधीपासून, तुम्ही वरून शिक्का मारलात. 'वर शिक्का, खाली चाक' असा मथळाही सुचला. साताऱ्याला परतलो तो थेट छापखान्यात, आणि मालकांनी माझ्या डोळ्यांदेखत खिळे जुळवायला घेतले.

मग मीच त्यांना थांबवलं. पत्रकं लिहून मी एक गोष्ट शिकलो होतो. आमच्या पत्रकात एक वाक्य खोटं सापडलं की बाकीची खरी वाक्यंही गाव त्याच्याबरोबर पुरून टाकतं. त्यांच्या खोट्याला वजन असतं, आमच्या खऱ्यालाही साक्षीदार लागतो. छापखान्याच्या मालकांनीच सांगितलं, सांगलीत एक म्हातारे वकील आहेत, वकिली मुलावर सोपवून जुनी नाणी घेऊन बसलेले असतात. मी गावी जाऊन तात्यांकडून नाणं मागून घेतलं. त्यांनी ते रुमालात बांधून दिलं आणि म्हणाले, "लिहून आन. वकिलाचं लिहून आन."

सांगलीच्या गावभागात वकिलांचं घर सापडायला त्रास झाला नाही. मी तिथं गेलो तो अपमानाची तयारी करूनच गेलो. आडनाव विचारतील, ओसरीवरच बसवतील, कप वेगळा देतील. आडनाव विचारलं नाही. आत बसवलं. चहा आला तो त्यांच्याच कपांसारख्या कपात. मी कानाकोपरा न्याहाळत होतो, अपमान सापडेना, म्हणून जास्तच चिडलो. शेवटी त्यांनी थोडी सोय केली.

"तुमच्या समाजातली मुलं असल्या गोष्टींत लक्ष घालायला लागली, बरं वाटलं."

"आमच्याच कशाला? तुमच्या समाजातली घालतात का?"

ते हसले. "माझा मुलगा तरी घालत नाही."

मी रुमाल सोडला. त्यांनी नाणं कडांना धरून उचललं, एकदाच पाहिलं आणि घरात कुणी गेल्यासारखे डोळे मिटले.

"घासलंत?"

"चुलतीनं घासलं."

"चिंच?"

"आणि राख."

"बरं," ते म्हणाले, पण बरं म्हणण्यासारखा त्यांचा चेहरा नव्हता. त्यांनी खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या, एकीचं एक दार तेवढं किलकिलं ठेवलं. उजेडाची तिरीप टेबलावर आडवी आली. तिच्यात ते नाणं हळूहळू फिरवायला लागले. समोरून उजेड असताना जे सपाट दिसत होतं त्याच्यावर आता डोंगर-दऱ्या उभ्या राहिल्या.

"तुम्हाला नेमकं काय विचारायचंय?"

"याच्याखाली दुसरं नाणं आहे का?"

"आहे."

मी खुर्चीतून उठलोच. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "'छ'च्या डोक्यावर बघा. अक्षराच्या अंगावर. एक तिरकी रेघ जाते. ती 'छ'ची नाही. आता तिच्या मागोमाग जा, काठापर्यंत. काठाला ठसा पुरता बसलेला नाही, तिथं ती परत वर येते. एकच रेघ, दोन तुकडे. मधला भाग मारला गेलाय."

"डोक्यावर कशी राहील? डोक्यावर तर नवं अक्षर आहे."

"म्हणूनच राहते. ठशात अक्षर खोल कोरलेलं असतं. घाव बसतो तेव्हा मोकळी जागा चेपली जाते, तिथलं जुनं सगळं पुसतं. अक्षराच्या जागी ठसा पोकळ, तिथं धातूला मार कमी. म्हणून खालचं शोधायचं तर मोकळ्या जागेत शोधू नये, वरच्या अक्षराच्या डोक्यावर शोधावं. अडचण एवढीच, की नाणं झिजतं तेव्हा आधी डोकंच झिजतं."

हे मी त्यांच्यासमोरच कागदावर उतरवून घेतलं. पत्रकासाठी याहून चांगलं वाक्य मला सात जन्मांत सुचलं नसतं.

"म्हणजे खाली चाक आहे."

"नाही. खालची रेघ फारसी अक्षराची आहे. कुठल्या सुलतानाचं नाणं, ते एवढ्याशा तुकड्यावरून मी सांगणार नाही. चाक वेगळं. नखानं बघा."

मी नख फिरवलं. 'छ' नखाला अडलं. कड्यावर मात्र नख आत गेलं.

"ठशातून आलं ते उठून आलंय," वकील म्हणाले. "हे कडं खोल गेलंय. शिवाय बघा, ते वरचं अक्षर कापतं आणि खालची फारसी रेघही कापतं. जे दोघांना कापतं ते दोघांच्या नंतरचं. आत तुम्ही आरे म्हणताय ते कड्याच्या आत अडकलेल्या रेघांचे तुकडे. काही वरच्या नाण्याच्या, काही खालच्या, एखाददुसरा ओरखडा. आठ भरले, कारण तुम्हाला आठ हवे होते."

माझं डोकं सटकलं. "आमचं काही निघालं की ते नंतरचंच असतं. नाही का?"

त्यांनी खिडकी उघडली. "तुम्ही मला विचारायला आलात की सही न्यायला? सही हवी असेल तर मी देत नाही. दोन्हीकडचे मागायला येतात. गेल्या महिन्यात एक गृहस्थ आपल्या नाण्यावर शंकराची पिंड आहे असं लिहून द्या म्हणत होते. मी चहा दिला आणि वाटेला लावलं."

"मग हे कडं झालं कशानं?"

"ते मला ठाऊक नाही. ठशाचा घाव एका क्षणाचा असतो. हे तसलं नव्हे. कसलं तरी टोक याच जागी, वर्षानुवर्षं फिरत राहिलंय."

नाणं परत रुमालात बांधून मी निघालो. कराडच्या स्टँडवर गाडी बदलायला थांबलो तेव्हा मनात आलं, छापून टाकावं. गावसभेत नख लावून कोण बघणार आहे? फारसी रेघ कोण ओळखणार आहे? पण ती पळवाट मलाच पटेना. ज्यांच्या थापांवर मी इतकी वर्षं तुटून पडतोय त्यांच्या पंगतीला जाऊन बसायचं, आणि तेही बुद्धाच्या नावानं? आणि दुसरी एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. चाक सगळ्यात जुनं असेल असं मी धरून चाललो होतो, कारण जे जुनं तेच मोठं, ही गावाचीच समजूत मी न तपासता उचलली होती. पूर्वीपासूनला माझं उत्तर होतं, त्याहून पूर्वीपासून.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. तात्या कुठं बाहेर गेले होते. चुलती पडवीत हुलगे भरडायला बसली होती. पीठ गिरणीतून दळून यायचं, पण भरड अजून घरच्या जात्यावर. तिनं जात्याचा वरचा दगड उचलून भिंतीला टेकवला, खालच्या दगडातून वर आलेल्या खुंट्यावर चामड्याची एक लहानशी चकती ठेवली आणि दगड परत बसवायला लागली. वरचा दगड त्या चकतीवर फिरतो, जरा उचललेला राहतो, म्हणून दाणा फुटतो, पीठ होत नाही. हे मी लहानपणापासून बघत आलो होतो, म्हणजे कधीच बघितलं नव्हतं.

"थांब, थांब. ती चकती दाव."

"आता तुला काय झालं? दळू दे की."

चकती उलटून पाहिली. मधोमध खुंट्याच्या टोकानं पाडलेला खळगा, त्याच्याभोवती गोल कडं. मी रुमाल सोडून शिवराई तिच्याशेजारी ठेवली. दोन्ही कडी जवळजवळ एकाच मापाची.

मी धावतच पायाजवळच्या ढिगाकडं गेलो. जात्याचा अर्धा दगड उलथा पडला होता. सुलटा केला, माती झाडली. खुंट्याच्या भोकाभोवती दगडावर हिरवट डाग होता, तांबं कळकल्यावर पडतो तसा. कुणाच्या तरी खापर-खापरपणजीनं चामडं टिकत नाही म्हणून खुंट्यावर शिवराई घातली होती, आणि त्या राजाच्या नाण्यावर बसून ती भरडत राहिली होती.

तात्या आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. नाणं, चकती, दगड समोर मांडून. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे चक्र न्हाई."

"न्हाई, तात्या."

"म्हंजे आमी आपलं दळतच हुतो." ते हसले, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "ह्ये सांगाय तुला सांगलीला जावं लागलं व्हय रं?"

मी शिवराई परत रुमालात बांधायला लागलो.

"छाप चक्र म्हनून. कोन बगतंय?"

"सरपंच बघंल. नाणं कुनाच्याबी खिशातनं पडतं म्हनंल. मग काय सांगायचं?"

"तुजं बरं हाय गड्या, तू शिकलास. माज्या बापानं चावडीम्होरं काठी धरून, उन्हात उभं ऱ्हाऊन जल्म काढला. त्याच्या पायाखाली एखादं चाक निगालं आसतं तर कुनाचं काय बिगडलं आसतं?"

मी एवढंच म्हणालो, "तात्या, चाकानं जागा मिळत न्हाई. जात्यानं मिळंल." त्यांनी पाठ फिरवली. नाणंही परत घेतलं नाही.

जुळवलेले खिळे मोडायला लावले म्हणून छापखान्याच्या मालकांची बोलणी खाल्ली. नवं पत्रक अर्ध्या पानाचं झालं, मी लिहिलेल्यांतलं सगळ्यात लहान. त्यात बुद्ध नव्हता, राजा नव्हता. एक जातं होतं.

गावसभा चावडीसमोर भरली. तात्या सगळ्यांत पुढं, मांडी घालून बसले, त्यांचा बाप जिथं उभा राहायचा बरोबर त्याच जागी. चाकाची बातमी सरपंचांच्या कानावर आधीच गेली होती आणि ते तयारीनं आले होते.

"नान्याचं काय सांगताय?" ते उभे राहता राहता म्हणाले. "नानं कुनाच्याबी खिशातनं पडतंय. जत्रंत पडलं आसंल. उद्या माजं नानं तुमच्या दारात पडलं तर तुमचं दार माजं व्हय?"

सभा हसली.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "नाणं कुणाच्याही खिशातून पडेल. आणि त्याच्यावर चाकही नाही."

हसणं थांबलं. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं, शत्रूला जाऊन मिळालेल्या शिपायाकडं बघावं तसं. मी पोत्यात घालून आणलेला अर्धा दगड चावडीच्या पायरीवर ठेवला, हिरव्या डागावर शिवराई ठेवली आणि नाण्यावर काय आहे, काय नाही, ते सगळं सांगितलं. मग विचारलं, "सरपंच, तिथं कधी कुणी राहिलं नाही, नुसत्या गाड्या सुटल्या, असं तुमचं म्हणणं. जत्रेला येताना गाडीत जातं घालून कोण आणतं?"

मागं बसलेला एक म्हातारा धनगर मोठ्यानं हसला. "आन् आनलं तर आनलं, जत्रंत हुलगं भरडाय कोन बसतंय?"

"आबा, तुमी गप ऱ्हावा," सरपंच म्हणाले.

"गप ऱ्हातो की. पन माजा आजा त्या जागंला ह्यांची जुनी वस्तीच म्हनायचा. मेंढरं बसवायला तितं जायाचं म्हंजे 'जुन्या वस्तीवर चाललोय' म्हनायचा. आता गप ऱ्हातो."

त्यानंतर फार वेळ बाचाबाची झाली. ती सगळी सांगत नाही. शेवटी सरपंचांनी निकाल दिला तो असा: "जातं जितं घावलं तितवर तुमचं. त्याच्या म्होरं गाड्या."

म्हणजे मागितलेल्या जागेतली निम्म्याहून थोडी जास्त. विहार होईल, पण पुढं अंगण राहणार नाही. आमचीच जुनी वस्ती, तिचा तुकडा आम्हाला उपकार म्हणून मिळाला. मी तिथंच उठून भांडणार होतो. तात्यांनी माझा सदरा खाली ओढला. "बस. भिंती हुत्यात तेवड्यात."

सकाळी सगळे हद्द आखायला जमले तर चुलती डोक्यावर स्वतःचं जातं घेऊन हजर.

"ह्ये घेऊन जावा आन् म्होरं धा हात लांब पुरून ठिवा. चार वर्सांनी उकरू. म्हंजे तितवर आपलं."

सगळे हसायला लागले. मी गंभीरपणे तिला समजवायला लागलो की असं केलं तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला. ती म्हणाली, "ह्याला साताऱ्याला धाडलं तवाच ह्याचा इनोद ग्येला." त्यावर तात्याही हसले. मी सांगलीहून परतल्यापासून पहिल्यांदा मनापासून.

सांगलीला मी एक कार्ड टाकलं: कडं जात्याच्या खुंट्याचं होतं. वकिलांचं उलट टपाली उत्तर आलं. आता उमगलं, आनंद झाला, कृपया पुन्हा घासू नका.

जात्याचा दगड कुठं ठेवायचा यावर वस्तीत दोन मतं पडली. कुणी म्हणालं पायरीला घाला. तात्या म्हणाले, त्याच्यावर पाय देनार? कुणी म्हणालं आत ठेवा. तात्या म्हणाले, म्हंजे उद्या हळदकुंकू लावाल. मग त्यांनी स्वतःच पहार घेतली, हद्दीच्या टोकाला हातभर खोल खड्डा काढला आणि तो अर्धा दगड उभा रोवला. खुंट्याचं भोक आणि हिरवा डाग गावाच्या बाजूला. माती दाबून झाल्यावर पहार जमिनीत रोवून त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि माझ्याकडं न बघता हात पुढं केला. मी रुमालातली शिवराई त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती कोपरीच्या खिशात टाकली.

"आता सरपंचाला म्हनावं," ते म्हणाले, "पूर्वीपासनं काय हुतं त्ये ह्या दगडाला इचार."